गो. नी. दांडेकर आणि कवीचे कल्पित चरित्र

कवीच्या जीवनावर कादंबरी लिहिणाऱ्यापुढे एक पेच असतो. कवीचे शब्द हाती असतात, त्याचे दिवस मात्र हरवलेले असतात. म्हैसूरचे कन्नड कादंबरीकार देवुडु नरसिंह शास्त्री यांनी ‘महाब्राह्मण’मध्ये मंत्रद्रष्ट्या विश्वामित्राचे जीवन उभे केले, तेव्हा त्यांना पुराणकथांचा आधार होता. मराठीत गोपाळ नीलकंठ दांडेकर यांनी हा पेच निराळ्या रीतीने सोडविला.

दांडेकर ८ जुलै १९१६ रोजी परतवाडा येथे जन्मले. कोवळ्या वयात स्वातंत्र्यलढ्याच्या ओढीने त्यांनी घर सोडले. गाडगेमहाराजांचा सहवास, वेदान्ताचे अध्ययन, नर्मदेची परिक्रमा व गडकोटांची भटकंती हेच त्यांचे विद्यापीठ ठरले.

‘मोगरा फुलला’मधील ज्ञानेश्वर, ‘तुका आकाशाएवढा’मधील तुकाराम व ‘दास डोंगरी राहतो’मधील रामदास ही चरित्रे याच पुंजीवर उभी आहेत. जेथे साधने मूक होतात, तेथे दांडेकरांनी स्वतः तुडविलेली वाट, ऐकलेली बोली आणि सोसलेली भूक कामी आणली. इतिहासाच्या दृष्टीने हा पुरावा नव्हे. भाविकाची दृष्टी येथे चिकित्सेवर मात करते, हा आक्षेपही रास्तच आहे.

‘स्मरणगाथा’ या त्यांच्या आत्मकथनात्मक कादंबरीस १९७६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. १ जून १९९८ रोजी ते निवर्तले. संतांच्या कादंबऱ्या या ग्रंथाशेजारी ठेवून वाचल्या, म्हणजे त्यांतील कल्पना कोठून आली आणि अनुभव कोणाचा, हे उलगडू लागते.