वासरमान यांची रक्तपरीक्षा

ही १९६२ सालची गोष्ट. मी तेव्हा बेळगावात शाळेत होतो. माझ्या आत्याचा गर्भ तिसऱ्यांदा गेला, म्हणून डॉक्टरांनी तिचे रक्त तपासायला पाठविले. कागदावर एवढेच लिहून आले : वासरमान पॉझिटिव्ह. म्हणजे गरमीचा रोग! आतोबांच्या रक्तात काहीच निघाले नाही आणि घरातल्या सर्वांच्या नजरा आत्याकडे वळल्या. ती देवघरात पाऊल टाकायलाही बिचकू लागली. हा वासरमान कोण, हा प्रश्न माझ्या मनात तेव्हापासून घर करून राहिला.

आउगुस्ट वासरमान यांचा जन्म २१ फेब्रुवारी १८६६ रोजी जर्मनीत, बव्हेरियातील बाम्बेर्ग येथे झाला. १८८८ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे ते डॉक्टर झाले आणि पुढे बर्लिनला रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत त्यांनी संशोधन सुरू केले. १९०५ मध्ये शाउडिन व होफमान यांना उपदंशाचा जंतू सापडला. पुढच्याच वर्षी वासरमान यांनी नायसर व ब्रुक यांच्यासह त्या रोगाची रक्तपरीक्षा सिद्ध केली. त्यासाठी त्यांनी उपदंशग्रस्त अर्भकाच्या यकृताचा अर्क वापरला. रक्तातील प्रतिपिंडे त्या अर्कातील जंतूंना ओळखतात, अशी त्यांची समजूत होती. परंतु निरोगी प्राण्याच्या हृदयाचा अर्कही तेच काम करतो, असे लवकरच दिसून आले. प्रतिपिंडे ओळखत होती ते पेशींतील एक स्निग्ध द्रव्य!

तरीही परीक्षा जगभर रूढ झाली. १९१३ मध्ये वासरमान बर्लिनजवळच्या दालेम येथील नव्या संस्थेचे संचालक झाले. १६ मार्च १९२५ रोजी ते वारले. ते स्निग्ध द्रव्य मेरी पँगबॉर्न यांनी १९४१ मध्ये बैलाच्या हृदयातून वेगळे केले. तेच कार्डिओलिपिन.

मलेरिया, कुष्ठरोग, ल्युपस यांतही ही परीक्षा होकारार्थी येऊ शकते, हे पुढे कळले. १९८३ मध्ये लंडनमध्ये हॅरिस, ह्यूज आणि सहकाऱ्यांनी कार्डिओलिपिनविरोधी प्रतिपिंडे मोजण्याची सूक्ष्म रीत काढली. संसर्गामुळे आलेली प्रतिपिंडे बहुधा काही काळाने ओसरतात. ती टिकून राहिली तर मात्र काहींच्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, पक्षाघात होतो, गर्भ पुन्हा पुन्हा जातो. म्हणून निदान करण्यापूर्वी किमान १२ आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासतात. अशा गर्भवतींना आज ॲस्पिरिन आणि हेपॅरिन देतात. अनेकींची बाळंतपणे सुखरूप होतात.

आत्याच्या पायातही पुढे गुठळी झाली होती. हे सारे मी वाचले तेव्हा ती हयात नव्हती. वासरमान यांना मी दोष देत नाही. त्यांच्या परीक्षेने रक्तातली एक खूण दाखविली. तिच्यावरून आत्याचे चारित्र्य ठरविले ते आम्ही. विद्यार्थिमित्रहो, उद्या तुमच्यापैकी कोणी प्रयोगशाळेत बसेल, कोणाच्या घरी असा कागद येईल. तेव्हा माझ्या आत्याची आठवण ठेवा.