जमशेटजी टाटा : नफा, कामगार आणि जबाबदारी



आमच्या शाळेत दरवर्षी बालबाजार भरतो. तुमच्याकडेही भरत असेलच. कोणी भेळ आणतं, कोणी घरची मेथीची जुडी, कोणी लिंबू सरबत. यंदा चौथीच्या दोन मुलांचं सरबत दुपारपर्यंत संपत आलं, तेव्हा त्यांनी उरलेल्यात तांब्याभर पाणी ओतलं आणि त्याच भावाने विकलं. दुसऱ्या दिवशी वर्गात पंचायत बसली. मी रागावले तेव्हा एकाने अगदी भाबडेपणाने विचारलं की मॅडम, पाणी घातलं नसतं तर नफा कसा झाला असता?

त्या प्रश्नावर मी त्यांना जमशेटजी टाटांची गोष्ट सांगितली. त्यासाठी जे वाचलं, टिपून ठेवलं, ते आज तुमच्यासमोर मांडते. ताजमहाल हॉटेल, पोलादाचा कारखाना, मोठा देशभक्त, एवढं आपण नेहमीच सांगतो. मला त्यांच्या हिशोबाच्या वहीबद्दल बोलायचं आहे.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातमधील नवसारी येथे एका पारशी कुटुंबात झाला. वडील नसरवानजी मुंबईत व्यापार करत. मुलगाही मुंबईला आला, एल्फिन्स्टन कॉलेजमध्ये शिकला आणि वडिलांच्या धंद्यात शिरला. १८५९ च्या अखेरीस तो हाँगकाँगला गेला. इकडून कापूस आणि अफू पाठवायची, तिकडून चहा, रेशीम, कापूर आणायचा असा तो व्यापार होता. हो, अफूसुद्धा. तेव्हा तो कायदेशीर धंदा होता आणि मुंबईतल्या अनेक मोठ्या घराण्यांचा पैसा त्यातून आलेला आहे. मुलांना सांगताना मी हे गाळत नाही. गाळलं तर ते मोठे झाल्यावर कुठेतरी वाचतील आणि आपण सांगितलेलं सगळंच खोटं वाटायला लागेल.

मग आलं १८६५ साल. अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना तिकडचा कापूस इंग्लंडला जाणं थांबलं होतं. त्यामुळे आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि मुंबईत लोक शेअर्सच्या मागे वेडे झाले होते. युद्ध संपलं आणि भाव कोसळले. अनेक पेढ्या बुडाल्या. जमशेटजी त्या वेळी लंडनमध्ये होते, बरोबर आणलेल्या हुंड्या-कागदांना आता किंमत उरलेली नव्हती. वय फक्त २६. देणेकऱ्यांना टाळून बोटीत बसणं शक्य होतं. त्यांनी तसं केलं नाही. ते स्वतः बँकांकडे आणि देणेकऱ्यांकडे गेले, सगळी परिस्थिती उघड करून सांगितली. लोकांचा त्यांच्यावर इतका विश्वास बसला की पेढीची आवराआवर करून देणी भागवण्याचं काम त्यांच्याकडेच सोपवण्यात आलं, महिना २० पौंड पगारावर. इकडे मुंबईत नसरवानजींनी आपलं राहतं घर विकून देणी फेडली.

हा प्रसंग वर्गात सांगताना थोडं थांबा, घाई करू नका. घर विकलं म्हणजे काय, हे आपल्या मुलांना चांगलं कळतं.

पुढे सैन्याला रसद पुरवण्याच्या एका मोठ्या कंत्राटात घराण्याला पुन्हा पैसा मिळाला. १८६८ मध्ये जमशेटजींनी २१,००० रुपयांच्या भांडवलावर स्वतःची पेढी काढली. इंग्लंडला जाऊन लँकेशायरच्या कापड गिरण्या नीट बघून आले. मग त्यांनी गिरणी काढायची ठरवली, आणि तीही मुंबईत नव्हे, थेट नागपूरला! मुंबईतल्या लोकांना हे खुळच वाटलं. पण हिशोब सरळ होता. कापूस वऱ्हाडात आणि वर्धा-नागपूरच्या पट्ट्यात पिकतो, कोळसा जवळच चांद्याकडे वरोऱ्याला, आणि रेल्वे नागपूरपर्यंत पोचलेली. जागा मिळाली ती जुम्मा तलावाजवळची दलदल. भराव घालावा लागला. एका सावकाराने तर पैसे द्यायला नकार दिला, म्हणे हा माणूस मातीत सोनं पुरतो आहे. पुढे त्याच सावकाराने कबूल केलं की माती घालून यांनी सोनं काढलं.

१ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आलं, म्हणून नाव एम्प्रेस मिल. व्यवस्थापक म्हणून जमशेटजींनी बेझनजी दादाभाई मेहता यांना आणलं. ते रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातले, त्यांना कापडातलं काही कळत नव्हतं. पण माणसं सांभाळता येत होती. सुरुवातीला स्वस्तातली यंत्रं घेतली होती आणि सूत वाईट निघू लागलं. जमशेटजींनी चूक मान्य केली आणि यंत्रं बदलली. सरबतात पाणी घालणाऱ्या माझ्या दोघा उद्योजकांना मी इथे मुद्दाम थांबवलं. माल वाईट निघाला तेव्हा यांनी काय केलं, तेवढं विचारलं.

आता मूळ मुद्दा. त्या काळातल्या गिरण्या कशा होत्या याची कल्पना करा. १८८१ मध्ये आपल्याकडे पहिला कारखाना कायदा आला. त्यात काय होतं? सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायचं नाही, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही. म्हणजे माझ्या दुसरीच्या वर्गातलं पोर नऊ तास गिरणीत, आणि हे कायद्याने मान्य! मोठ्या पुरुषांच्या तासांना तर मर्यादाच नव्हती, ती १९११ मध्ये आली.

अशा काळात एम्प्रेस मिलमध्ये हवा खेळती ठेवण्याची, ती योग्य तेवढी दमट ठेवण्याची आणि आग लागल्यास वरून पाण्याचे फवारे सुटण्याची व्यवस्था केली गेली. दमट हवेने धागा कमी तुटतो हे खरं. मालकाचाही फायदा होताच. नागपूरचे कामगार वरचेवर दांडी मारत. दंडाचा बडगा उगारण्याऐवजी बक्षिसं, खेळ, समारंभ सुरू झाले. १८८६ मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी काढला. १८९५ पासून कामावर अपघात झाला तर भरपाई मिळू लागली. कामगारांना अपघाताची भरपाई देण्याचा कायदा आपल्या देशात झाला १९२३ मध्ये, आणि भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ मध्ये. वर्षं फळ्यावर लिहा, मुलांना वजाबाकी करू द्या.

इथे मला घरचं सांगावंसं वाटतं. माझे वडील एका सूतगिरणीत होते. मी पाचवीत असताना यंत्रात त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. महिनाभर घरी होते, बिनपगारी. त्या दिवाळीला मालकाच्या घरून मिठाईचा पुडा आणि पाचशे रुपये आले. आई कितीतरी दिवस सगळ्यांना सांगायची की मालक देवमाणूस आहे. मीही तेच समजत होते. कामगारांच्या कायद्याबद्दल पहिल्यांदा कळलं तेव्हा लक्षात आलं की जे हक्काचं होतं ते मिळालंच नव्हतं, मिठाई मिळाली होती. म्हणून जमशेटजींच्या चरित्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे : त्यांनी कामगारांसाठी जे केलं ते दिवाळीच्या पुड्यासारखं केलं नाही. निधी काढला, नियम केला, कोळशाच्या आणि कापसाच्या खर्चासारखा तोही खर्च धरला.

पण सगळं श्रेय मालकाच्या चांगुलपणाला देऊन चालणार नाही. त्याच वर्षांत मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांना एकत्र करत होते. १८८४ मध्ये त्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन स्थापन केली, आणि १८९० मध्ये त्यांच्या लढ्यामुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. चांगला मालक शंभरात एखादा. बाकीच्या नव्व्याण्णव गिरण्यांतल्या माणसांचं काय? हे दोन्ही धडे एकामागोमाग घ्या असं मी सुचवेन.

संपत्ती आल्यावर जमशेटजींनी ती कशी वापरली, हे बहुतेकांना माहीत आहे, थोडक्यात सांगते. १८९२ मध्ये परदेशी उच्च शिक्षणासाठी निधी सुरू केला. तो दान म्हणून नव्हता, कर्ज म्हणून होता, म्हणजे परत आलेल्या पैशात पुढचा विद्यार्थी जाणार. सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. विज्ञान संस्थेसाठी त्यांनी आपल्या संपत्तीचा जवळजवळ अर्धा भाग, सुमारे ३० लाख रुपयांची मालमत्ता देऊ केली. ती संस्था म्हणजे बंगळूरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. १९०२ मध्ये मुलगा दोराबजी यांना पत्र लिहून त्यांनी पोलाद कारखान्याच्या गावाबद्दल सूचना दिल्या. तेव्हा कारखान्याची जागाही ठरलेली नव्हती. रस्ते रुंद असावेत, लवकर वाढणारी सावलीची झाडं लावावीत, खेळाला मैदानं, बागा आणि सर्व धर्मांच्या प्रार्थनास्थळांना जागा राखून ठेवावी. यातलं काहीच त्यांना बघायला मिळालं नाही. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत बाड नाउहाइम येथे ते वारले.

सह्याद्रीच्या पाण्यावर वीज तयार करून मुंबईच्या गिरण्या चालवायच्या, हेही त्यांचंच स्वप्न. ते मुलांनी आणि पुढच्या लोकांनी पूर्ण केलं. पण त्याच कामाच्या विस्तारात मुळशीला धरण आलं, मावळातल्या शेतकऱ्यांच्या भातजमिनी पाण्याखाली जाणार म्हणून १९२१ मध्ये सत्याग्रह झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले. जमशेटजी तेव्हा नव्हते. ते असते तर काय केलं असतं, हा प्रश्न सातवीच्या वर्गाला द्यायला चांगला आहे. आमच्या एका सहकाऱ्याने दिला होता, तास संपला तरी भांडण संपलं नाही म्हणे.

माझ्या चौथीच्या दोघांचं राहिलं. गेल्या महिन्यात शाळेत खाऊगल्ली होती, त्यांनी पुन्हा सरबताचं दुकान लावलं. लिंबं, साखर, बर्फ, कागदी पेले सगळं वहीत लिहून आणलं. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींनी त्यांची पातेली घासून दिली होती. त्यांना वीस रुपये द्यायचं दोघांनी ठरवलं. एकाने ते खर्चात लिहिले. दुसऱ्याचं म्हणणं, नफा किती झाला ते आधी बघू आणि उरलं तर देऊ. माझ्या टेबलाशी येऊन दोघं चांगली दहा मिनिटं भांडले. शेवटी वही माझ्यासमोर ठेवली, आणि मी ती न बघता त्यांच्याच हातात परत दिली.