व्रण सोसून चाललेली पदयात्रा

आचार्य विनोबा भावे १९२१ मध्ये वर्ध्यास आले आणि १९३८ मध्ये क्षीण प्रकृतीमुळे पवनार येथे, धाम नदीच्या काठी, राहू लागले. पोटातील व्रणाने, म्हणजे अल्सरने, त्यांना दीर्घकाळ छळले. त्या काळी बेरियमचे पांढरे द्रावण पाजून क्ष-किरण चित्र घेतले की असा व्रण दिसे. त्याचे मूळ मात्र अज्ञात होते आणि उपचारांत पथ्यावरच भर असे. दही, दूध, मध अशा मिताहारावर विनोबांनी १९५१ पासून सुमारे १३ वर्षे भूदानासाठी देश पायी पालथा घातला. अखेर अन्न व औषध नाकारून १५ नोव्हेंबर १९८२ रोजी त्यांनी पवनारलाच देह ठेवला. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनी बहुतांश व्रणांस कारणीभूत ठरणारा जीवाणू प्रयोगशाळेत वाढवला होता.