अदृश्य खिडकीचा शिल्पकार
मेक्सिकोचे विख्यात वास्तुविशारद लुईस बारागान यांचा जन्म १९०२ मध्ये ग्वादालाहारा येथे झाला. शिक्षणाने ते अभियंता, वृत्तीने श्रद्धाळू कॅथलिक. मेक्सिको सिटीच्या दक्षिणेस त्लाल्पान येथे कापुचिन नन्सचा एकांतवासी मठ आहे. १९५०च्या दशकात बारागान यांनी त्याच्या चॅपेलचा जीर्णोद्धार हाती घेतला. खर्चाचा मोठा भारही स्वतःच उचलला. मातियास गोरित्स यांनी घडविलेल्या सोनेरी वेदीफलकांवर तेथे पिवळसर प्रकाश पाझरतो. तो ज्या खिडकीतून येतो, ती मात्र भाविकांना दिसत नाही. जाळीआड प्रार्थना करणाऱ्या नन्सही अशाच दृष्टीआड. १९८० मध्ये बारागान यांना प्रित्झकर पारितोषिक लाभले. १९८८ मध्ये त्यांचे निधन झाले. जगाने गौरविलेल्या या कलावंताने आपले एक सर्वोत्तम काम जगाचा निरोप घेतलेल्या स्त्रियांसाठी केले होते.