मिनिटभराचा वाटाणा

स्क्रोल करताना टाइमलॅप्स बघता ना? बी फुटतं, कोंब वर येतो, बघता बघता वेल तयार! हाच खेळ दादासाहेब फाळक्यांनी 1912 मध्ये केला होता.

त्र्यंबकेश्वरला 1870 मध्ये जन्मलेल्या या माणसाने चित्रकला, फोटोग्राफी, छपाई, अगदी जादूचे प्रयोगही करून पाहिले. (जादूगार ‘प्रोफेसर केळफा’ हे नाव उलटं वाचा!) मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला आणि डोक्यात भूत शिरलं. डोळे बिघडेपर्यंत सिनेमे पाहिले. विमा पॉलिसी गहाण टाकून लंडन गाठलं, कॅमेरा आणला.

पण पैसे कोण देणार? हलत्या चित्रांची ताकद सावकाराला तोंडाने सांगून थोडीच पटणार होती! मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि ठरावीक अंतराने एकेक फ्रेम घेत राहिले. महिनाभर. कॅमेरा जरा हलला असता तर सगळं मुसळ केरात! ‘अंकुराची वाढ’ पाहून मोठी माणसं थक्क झाली, कर्ज मिळालं आणि 3 मे 1913 रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला.

तो तुम्हाला पाठ असतो. मला मात्र फाळक्यांमधला मास्तर जास्त आवडतो. त्यांनी काड्यापेटीतल्या काड्या नाचवल्या, सिनेमा कसा बनतो यावरही छोटी फिल्म काढली. तिचे काही तुकडे आजही पाहायला मिळतात. त्यात दादासाहेब स्वतः नटांना शिकवताना दिसतात, फिल्मची पट्टी हातात धरून तपासताना दिसतात.