शार्ल ऑगस्टिन द कूलोम

शार्ल ऑगस्टिन द कूलोम (१४ जून १७३६, अंगुलेम – २३ ऑगस्ट १८०६, पॅरिस) हे फ्रेंच लष्करी अभियंता व भौतिकशास्त्रज्ञ होते. विद्युतभाराचे एकक त्यांच्या नावाने ओळखले जाते. तथापि घर्षण व मृदाबलावरील त्यांचे संशोधन त्याहून आधीचे आहे.

मार्टिनिक आणि मातीचा दाब

मेझिएर येथील लष्करी अभियांत्रिकी विद्यालयातून १७६१ मध्ये ते उत्तीर्ण झाले. १७६४ पासून सुमारे आठ वर्षे ते कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक बेटावर फोर्ट बूर्बों हा किल्ला बांधत होते. तेथील आजारपणाने त्यांची प्रकृती कायमची खालावली. तटाच्या भिंतींनी मागील मातीचा भार पेलणे आवश्यक होते. या कामातील विचार त्यांनी १७७३ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले. भिंतीमागील माती पाचरीच्या आकारात घसरू पाहते. कणांमधील घर्षण, त्यांचा चिकटपणा आणि भिंतीचा दाब तिला रोखतात. भिंतीचा दाब ठरावीक किमान मर्यादेखाली गेल्यास माती खाली घसरते व कमाल मर्यादेपलीकडे गेल्यास वर रेटली जाते; या दोहोंच्या दरम्यान ती स्थिर राहते.

घर्षणाचे नियम

१७७९ मध्ये त्यांची नेमणूक रोशफोर येथे झाली. तेथील जहाजबांधणीच्या गोदीत त्यांनी लाकूड, धातू व दोर यांवर मोठ्या प्रमाणावर प्रयोग केले. घर्षणबल लंब दाबाच्या प्रमाणात असते, हा आमोंतों यांचा १६९९ मधील नियम त्यांनी तपासला. स्थिर वस्तू हलवण्यास लागणारे बल बहुधा गतिमान वस्तूवरील घर्षणापेक्षा अधिक असते व लाकडाच्या बाबतीत ते स्पर्शाच्या कालावधीनुसार वाढते, असे त्यांना आढळले. उतरणीच्या कोनाची स्पर्शज्या (टॅन्जंट) घर्षणगुणांकापेक्षा कमी असेपर्यंत वस्तू आपोआप घसरत नाही. त्याहून तीव्र उतारावर तिला बाहेरील बलाचा आधार द्यावा लागतो. या प्रबंधास १७८१ मध्ये अकादमीचे पारितोषिक मिळाले व त्याच वर्षी ते अकादमीचे सदस्य झाले.

उत्तरायुष्य

१७८५ मध्ये तारेच्या पिळावर आधारित तराजू वापरून त्यांनी विद्युतभारांमधील बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, हे दाखवले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात ते ब्ल्वा परिसरात राहिले. १८०२ पासून मृत्यूपर्यंत ते सार्वजनिक शिक्षणाचे महानिरीक्षक होते.

आधारभिंतींचे आरेखन करताना त्यांची पाचरीची पद्धत आजही वापरली जाते. आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांत त्यांचे नाव आहे.