गुप्त लिपीच्या उंबरठ्यावरचे संशोधक : डॉ. वि. भि. कोलते

मराठीत ‘मानभावी’ असा एक शब्द आहे. वरवर साधेपणा दाखवून आतून वेगळाच हेतू बाळगणाऱ्या माणसासाठी आपण तो सर्रास वापरतो. हा शब्द एका धर्मपंथाच्या नावावरून रूढ झाला आहे, याची जाणीव मात्र बोलताना क्वचितच कुणाला असते. महानुभाव पंथाविषयी बाहेरच्या समाजाने शतकानुशतके बाळगलेला संशय या एका शब्दात गोठून राहिला आहे. काळी वस्त्रे परिधान करणारे, देवळातल्या देवतांना न मानणारे, स्त्रियांना संन्यास देणारे आणि आपले ग्रंथ कुणालाही वाचता येऊ नयेत अशा लिपीत लिहिणारे हे लोक नेमके करतात तरी काय, हा प्रश्न गावोगावी विचारला जाई. उत्तर मिळत नसे, म्हणून कल्पना लढवल्या जात. त्या कल्पनांचा त्रास झाला की पंथ आपली दारे आणखी घट्ट लावून घेई.

हे दार ज्या मोजक्या अभ्यासकांनी उघडले, त्यांत नागपूरच्या डॉ. विष्णू भिकाजी कोलते यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. ते महानुभाव नव्हते. पंथाबाहेरच्या या प्राध्यापकाने आयुष्याची सहा दशके पंथाच्या पोथ्यांना दिली आणि त्याच पोथ्यांतील सर्वांत थोर ग्रंथ प्रसिद्ध केल्यावर पंथातील एका वर्गाचा रोष पत्करला.

२२ जून १९०८ रोजी बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर तालुक्यात नरवेल या खेड्यात त्यांचा जन्म झाला. उच्च शिक्षण घेऊन ते मराठीचे प्राध्यापक झाले आणि अमरावती व नागपूर येथील शासकीय महाविद्यालयांत त्यांनी अध्यापन केले. उमेदीच्या काळात त्यांनी कविताही लिहिल्या. पण त्यांची खरी ओळख ठरली ती १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या भास्करभट्ट बोरीकर यांच्यावरील ग्रंथाने. भास्करभट्ट हे महानुभाव कवी. त्यांचे ‘शिशुपालवध’ हे काव्य पंथातील एका ज्येष्ठाला सुंदर वाटले, परंतु संसार सोडलेल्यांच्या दृष्टीने ते फार शृंगारिक ठरले. तेव्हा कवीने विरक्तीला मानवेल असा ‘उद्धवगीता’ हा दुसरा ग्रंथ रचला, अशी आख्यायिका आहे. कोणते साहित्य कुणासाठी, हा प्रश्न या पंथात किती जुना आहे, ते यावरून दिसते.

विदर्भ ही या अभ्यासाची नैसर्गिक भूमी होती. पंथाचे संस्थापक श्रीचक्रधर तेराव्या शतकात गुजरातेतून आले, त्यांचे गुरू श्रीगोविंदप्रभू अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरला राहत. चक्रधरांनी उत्तरेकडे प्रयाण केल्यावर त्यांचे शिष्य रिद्धपूरलाच जमले आणि तेथे म्हाइंभटांनी गुरूच्या आठवणी गोळा करून १२७८ च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. म्हाइंभटांची पद्धत आजच्या बातमीदारालाही हेवा वाटावा अशी होती. ज्यांनी ज्यांनी चक्रधरांना पाहिले होते, त्यांच्याकडे जाऊन त्यांनी प्रत्येक प्रसंगाची खातरजमा केली आणि ऐकलेले जसे होते तसे नोंदवले. मराठीतील आद्य गद्यग्रंथ म्हणून आपण ज्याचा अभिमान बाळगतो, तो असा चौकशीतून जन्माला आला.

या इतिहासात एक विलक्षण विसंगती आहे. चक्रधरांनंतर पंथाची धुरा वाहणारे नागदेवाचार्य यांनी पंडित शिष्यांना संस्कृतात ग्रंथरचना करण्यापासून परावृत्त केले, कारण तसे झाले तर पंथातील म्हाताऱ्या, अशिक्षित बायाबापड्या ज्ञानापासून वंचित राहतील, असे त्यांना वाटत होते. ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथात हा प्रसंग आला आहे. सर्वांना कळावे म्हणून ज्यांनी मराठीचा आग्रह धरला, त्यांच्याच पुढच्या पिढ्यांनी ती मराठी सांकेतिक लिपीत बंद केली. चौदाव्या शतकात रवळोबासांनी ‘सकळ’ लिपी तयार केली, असे परंपरा सांगते. पुढे सुंदरी, पारमांडल्य, अंक, वज्र अशा आणखीही लिप्या निघाल्या. पंथाच्या वेगवेगळ्या शाखांनी आपापल्या लिप्या सांभाळल्या.

सकळ लिपीचे तत्त्व तसे सोपे आहे. देवनागरीतील एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर किंवा चिन्ह वापरायचे, आणि ही अदलाबदल ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे करायची. कोष्टक ठाऊक असलेल्याला पोथी सरळ वाचता येते, इतरांना ती निरर्थक अक्षरांची रांग वाटते. पंथ पुढे पंजाबात, थेट पेशावर-काबूलपर्यंत गेला आणि तेथे जयकृष्णी म्हणून ओळखला गेला, तेव्हाही ही मराठी आणि ही लिपी त्याच्याबरोबर गेली. ही गुप्तता कशासाठी, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परचक्रात पोथ्यांची झालेली लूट, सनातनी समाजाचा विरोध, आणि शास्त्र गुरुमुखातूनच व अधिकारी शिष्यानेच ऐकावे ही पंथाची धारणा, अशी तिन्ही कारणे सांगितली जातात. प्रस्तुत लेखकाला तिसरे कारण अधिक वजनाचे वाटते. केवळ भीतीपोटी सुरू झालेली प्रथा भीती सरल्यावर सुटते. ही प्रथा मात्र सुमारे सहाशे वर्षे टिकली.

असे दार लावून बसलेले धर्म जगात इतरत्रही आहेत. वेस्ट इंडिज बेटांवर गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी लोकांमध्ये ओबिया नावाची विद्या होती. मळेवाल्या गोऱ्यांना ती कळत नव्हती, म्हणून तिची धास्ती वाटत होती. १७६० मध्ये जमैकात टॅकी नावाच्या पुढाऱ्याने गुलामांचा उठाव केला आणि त्यानंतर तेथील विधिमंडळाने ओबियाला कायद्याने गुन्हा ठरवले. तिचा आचार करणाऱ्यांना मग लपूनच राहावे लागले, आणि लपण्यामुळे त्यांच्याविषयीचा संशय वाढला. क्युबात लिडिया काब्रेरा या लेखिकेने आफ्रिकी वंशाच्या वृद्धांकडून ऐकलेल्या गोष्टी १९५४ मध्ये ‘एल मोंते’ या ग्रंथात नोंदवल्या. ब्राझीलमध्ये स्थायिक झालेले फ्रेंच छायाचित्रकार पिएर व्हर्जे यांनी तर पश्चिम आफ्रिकेत जाऊन दीक्षाच घेतली. बाहेरच्या माणसाला आत घेतले, तर त्याने काय सांगावे आणि काय पोटात ठेवावे, हा प्रश्न त्या दोघांपुढेही होता. कोलते यांच्यापुढे तो मराठीत आणि विदर्भात उभा राहिला, इतकाच फरक.

सकळ लिपीचे कोडे कोलते यांच्या आधीच सुटले होते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ती लिपी उलगडली. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांनी महानुभाव ग्रंथांकडे लक्ष वेधले. यवतमाळचे य. खु. देशपांडे यांनी १९२५ मध्ये ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ लिहिले आणि नागपूरचे ह. ना. नेने यांनी १९३६ पासून ‘लीळाचरित्र’ भागाभागाने छापण्यास आरंभ केला. म्हणजे कोलते या क्षेत्रात आले तेव्हा कुलूप उघडलेले होते. उरले होते ते त्याहून अवघड काम. कोष्टक हाती आल्याने पोथी वाचता येते, पण पोथी हाती यायला मठाधिपतीचा विश्वास लागतो. आणि शब्द वाचता आला तरी त्याचा पंथातील अर्थ कळायला त्या परंपरेत वाढलेल्या माणसाजवळ बसावे लागते. सूत्रे, त्यांवरील भाष्ये, आचाराचे बारकावे हे सारे शेकडो वर्षे तोंडी निरूपणातून चालत आले होते.

कोलते यांनी ते बसणे आयुष्यभर केले. १९४५ मध्ये त्यांचे ‘महानुभाव तत्त्वज्ञान’ आणि १९४८ मध्ये ‘महानुभाव आचारधर्म’ प्रसिद्ध झाले. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ स्वतंत्र व नित्य मानणारे हे द्वैती दर्शन मराठी वाचकाला पद्धतशीरपणे समजले ते प्रामुख्याने या ग्रंथांमुळे. १९५२ मध्ये त्यांनी ‘श्रीचक्रधर चरित्र’ लिहिले. गोविंदप्रभूंचे चरित्र, ‘स्थानपोथी’ अशा मूळ ग्रंथांच्या संपादित आवृत्त्या त्यांनी सिद्ध केल्या. यांतील ‘स्थानपोथी’ हा खास उल्लेखनीय ग्रंथ. चक्रधर जिथे जिथे उतरले, बसले, जेवले त्या जागांची ती यादी आहे. देऊळ कोणत्या गावी, त्याचे दार कोणत्या दिशेला, मठ कुठे, हे सारे त्यात नोंदलेले आहे. भक्तांसाठी ती तीर्थयात्रेची वही, तर इतिहासाच्या अभ्यासकासाठी यादवकालीन महाराष्ट्राचा जणू नकाशाच. बाहेरच्या माणसाने आत डोकावल्याचा हा लाभ होता.

आणखी एक लाभ भाषेचा. लोकांत खुलेपणाने फिरलेल्या जुन्या ग्रंथांची भाषा नकलाकार पिढीगणिक सुधारत गेले, आपल्या काळाची करत गेले. महानुभावांच्या पोथ्या ठरावीक हातांतच राहिल्या आणि त्यांतला शब्द न् शब्द पवित्र मानला गेला. त्यामुळे तेराव्या शतकातील बोलीचे गद्य बऱ्याच अंशी टिकले. यादवकालीन बाजार, भिक्षा, रुसवेफुगवे, स्वयंपाक, सारे त्यात आहे. गुप्ततेने समाजाला दूर ठेवले खरे, पण मराठीचा एक ठेवा तिनेच राखला, हे मान्य करायला हवे.

दरम्यान मानसन्मान येत गेले. १९६६ ते १९७२ या काळात कोलते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि १९६७ मध्ये भोपाळ येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. ताम्रपट आणि शिलालेख वाचण्यातही त्यांचा अधिकार होता. तथापि या सर्वांविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. त्यांच्या कार्याची कसोटी लागली ती निवृत्तीनंतर.

१९७८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने कोलते यांनी संपादित केलेले ‘लीळाचरित्र’ प्रकाशित केले. मूळ पोथी लुटीत नष्ट झाल्यावर शिष्यांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली, अशी परंपरा आहे. त्यामुळे तिचे निरनिराळे पाठ झाले आणि प्रत्येक शाखेने आपला पाठ जपला. कोलते यांनी अनेक हस्तलिखिते ताडून पाहिली आणि संशोधकाच्या दंडकानुसार जे पोथ्यांत आढळले ते छापले. काही लीळा पंथातील अनेकांना आपल्या परमेश्वर अवताराची अवहेलना करणाऱ्या, प्रक्षिप्त आणि अग्राह्य वाटल्या. तीव्र विरोध झाला. शासकीय संस्थेने काढलेला हा ग्रंथ पुढे विक्रीतून बाहेर गेला.

या वादात विरोधकांना केवळ असहिष्णू ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. महानुभाव साधकाच्या दृष्टीने लीळा म्हणजे इतिहासाचे साधन नव्हे. तिचे स्मरण हा त्याच्या नित्य साधनेचा भाग आहे. आपल्या परंपरेने न स्वीकारलेला पाठ सरकारी शिक्का घेऊन समोर यावा, याची वेदना त्याला होणारच. शिवाय ‘मानभावी’ हा शब्द ज्यांनी शतकानुशतके ऐकला, त्यांनी बाहेरच्यांच्या हेतूविषयी शंका घ्यावी, यात नवल ते काय? दुसऱ्या बाजूला कोलते यांचीही अडचण खरी होती. नको असलेली पाने वगळून छापलेली प्रत पंथाची पोथी झाली असती, संशोधनाची संहिता झाली नसती. त्यांनी पंथाची बदनामी दूर करण्यासाठी जितके लिहिले तितके दुसऱ्या कुणी क्वचितच लिहिले असेल. तरीही पाने वगळणे त्यांना मान्य झाले नाही. मंडळाने ग्रंथ छापण्यापूर्वी पंथातील विविध शाखांच्या महंतांना विश्वासात घेऊन प्रत्येक वादग्रस्त लीळेखाली तिच्या पाठाची स्थिती स्पष्ट केली असती, तर कदाचित कटुता कमी झाली असती, असे मात्र वाटते.

कोलते यांनी ‘अजुनि चालतोचि वाट’ हे आत्मचरित्र लिहिले. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कार्याचा माग घेत दूरदूरचे अभ्यासक येत राहिले. अमेरिकन संशोधक अ‍ॅन फेल्डहाउस यांनी गोविंदप्रभूंच्या चरित्राचा इंग्रजी अनुवाद १९८४ मध्ये प्रसिद्ध केला. ख्रिश्चन नोवेत्झके यांनी यादवकालीन महाराष्ट्रातील मराठीच्या उदयावर २०१६ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात ‘लीळाचरित्र’ आधाराला घेतले आणि त्यासाठी कोलते यांची प्रत वापरली. महानुभाव पंथही आता पूर्वीचा राहिलेला नाही; महंत स्वतःच ग्रंथ छापतात, सकळ लिपीची कोष्टकेही छापून प्रसिद्ध झाली आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला. भाषेचे प्राचीनत्व सिद्ध करणाऱ्या पुराव्यांत ‘लीळाचरित्रा’चाही समावेश होता. राज्य शासनाने मराठी भाषा विद्यापीठ स्थापन केले तेही रिद्धपूरलाच, जिथे म्हाइंभट एकेका साक्षीदाराला गाठून चौकशी करत होते.